बेचाळिसावा व्हॉल्व्ह

"सांग त्याला, झोपलेत म्हणून," मी बायकोला, हौसाला, म्हणालो आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभा राहिलो.

"आत्ता? सकाळचं साडेधा वाजलेत," ती कुजबुजली. "उभ्या जल्मात कदी साडेधाला झोपलाय का तुमी?"

"आज झोपलोय. जा."

हौसाने पदर सारखा केला, माझ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि ती बाहेरच्या दारात गेली. दारात इकबाल मुजावर उभा होता. मी रिटायर झाल्यावर माझ्या जागी आलेला माणूस. त्याचा आवाज मला आतून स्वच्छ ऐकू येत होता.

"काकी, तात्या हायत का? टेकआळीला पानी चडंना. दोन पाळ्या झाल्या. जरा इचारायचं हुतं."

"झोपलेत," हौसा म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिने ते जरा मोठ्यानेच सांगितलं.

 इकबाल म्हणाला, "झोपलेत व्हय? मग नगा उटवू. ऱ्हाऊ द्या." आणि त्याची सायकल गेल्याचा आवाज आला.

मी बाहेर आलो तेव्हा, खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रिटायर होऊन चौथा दिवस, आणि गावाचं माझ्यावाचून अडलं होतं. फक्त इकबालने येऊन विचारावं एवढं मला पुरेसं नव्हतं. साहेबांनी बोलवायला हवं होतं. शिपाई पाठवून, आणि जमलं तर जीप पाठवून.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी सोपान अडसूळ. माणदेशाच्या कडेला आमचं गाव. तिथल्या नगरपालिकेत बत्तीस वर्षं मी पाणी सोडायच्या कामावर होतो. कागदावर हुद्दा व्हॉल्व्हमन, गावाच्या तोंडी पाणीवाले तात्या. आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही पाऊण तास. पहाटे चारला उठायचं, चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकायची आणि एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडत, बंद करत गाव पालथं घालायचं. रस्त्यातल्या खड्ड्यात चावी उतरवायची आणि फिरवायची. कुठे अकरा फेरे, कुठे साडेसात. एक फेरा इकडेतिकडे झाला की दोन गल्ल्यांची भांडणं. कुणाच्या घरचं लग्न, कुणाचं बारसं, दिवाळीची अंघोळ, सगळं माझ्या चावीवर. बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "तात्या, परवा पाव्हणं हायत, जरा धा मिन्टं जास्त सोडशिला?" हे डोक्यात जायला बत्तीस वर्षं लागत नाहीत. दोन वर्षांतच जातं.

रिटायर झालो एकतीस मेला. माझ्या पिढीतली निम्मी माणसं त्याच तारखेला रिटायर झाली असतील, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांचा जन्म एक जूनला लावायचे. माझी आई सांगायची की मी दिवाळीच्या आगेमागे झालो, आणि तेही शाळेत लावलेल्या तारखेनंतर जवळजवळ दीड वर्षाने. म्हणजे माझ्या नोकरीची दीड वर्षं आमच्या सुतार गुरुजींच्या टाकाने खाल्ली. त्यात एकतीस मे म्हणजे आमच्याकडे पाण्याची सगळ्यात जास्त ओढ. ऐन मुहूर्ताला वरबापालाच मांडवातून उठवून घरी पाठवावं तसं मला झालं होतं.

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, टोपी, आणि एक भिंतीवरचं घड्याळ. पाणीपुरवठ्याचे साहेब भाषणात म्हणाले, "तात्या म्हणजे आपला चालता-बोलता नकाशा." मग खाली बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "इकबालला सगळं दाखवलंत ना? काही राहिलं नाही?"

"काही नाही, साहेब."

ते खोटं होतं. गावात व्हॉल्व्ह होते बेचाळीस. मी इकबालला दाखवले एक्केचाळीस.

बेचाळिसावा पिठाच्या गिरणीपाशी, एका शहाबादी फरशीखाली होता. टेकआळी म्हणजे गावाच्या टोकाला चढावर असलेली अकरा घरं. बाजारपेठेची लाईन उताराची, त्यामुळे सगळं पाणी आधी तिकडे पळायचं आणि चढावर थेंब पोहोचायचा नाही. म्हणून फार वर्षांपूर्वी मी आणि एका जुन्या फिटरने मिळून बाजारपेठेच्या लाईनला एक जादा व्हॉल्व्ह बसवला होता. तो थोडा आवळला की पाणी टेकावर चढायचं. पुढे फिटर वारला. रस्त्याचं काँक्रीट झालं तेव्हा खड्डा बुजू नये म्हणून मीच त्यावर फरशी टाकली. नकाशात तो व्हॉल्व्ह कधी आलाच नाही. तो फक्त मला माहीत होता.

इकबाल आठ दिवस माझ्याबरोबर शिकायला फिरला. अडतीस वर्षांचा, पंपहाऊसवर दहा वर्षं कंत्राटावर काढलेला, कमी बोलणारा माणूस. दोन मुली होत्या त्याला. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी तो वही काढून लिहायचा, 'मारुती चौक, साडेनऊ.' 'तालीम गल्ली, अकरा.' मला त्या वहीचा राग यायचा. आणि त्या आठ दिवसांत मी काय करायचो, तर टेकआळीची पाळी असली की त्याच्या आधी अर्धा तास घरातून निघून गिरणीपाशी जायचो, फरशी उचलायचो, व्हॉल्व्ह आवळायचो आणि फरशी परत जशीच्या तशी ठेवायचो. मग इकबालसमोर टेकआळीचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी झकास चढायचं. तो लिहून घ्यायचा, 'टेकआळी, बारा.' तो गेल्यावर मी गिरणीपाशी जाऊन व्हॉल्व्ह परत पूर्ण उघडून ठेवायचो.

मी विसरलो नव्हतो. मुद्दाम केलं. मी गेल्यावर गावाची एक तरी गल्ली अडावी, एवढंच माझ्या मनात होतं.

रिटायर झाल्यावर माणसाने दिवसभर काय करायचं असतं हे कुणी सांगत नाही. मला चारला जाग यायची. पाचला चहा, सहाला दुसरा चहा, आणि सातपासून मी हौसाच्या कामात लुडबुड सुरू करायचो. एक दिवस तिला डाळ धुवायची पद्धत शिकवली. दुसऱ्या दिवशी फळीवरचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. त्यानंतर ती अर्धा तास हळद शोधत होती.

"अवं, तुमी जरा भायेर जाऊन या बगू," ती म्हणाली. "पारावर बसा. समदी रिटायर झालेली तितंच बसत्यात."

"मी काय म्हातारा झालोय?"

"तुमी न्हाई झाला. पर मी हुईन चार दिसांत."

म्हणून पारावर जाऊन बसायला लागलो. टेकआळीच्या बातम्या तिथे रोज यायच्या. तिसरी पाळीही कोरडी गेली. तिथल्या बायका नगरपालिकेवर जाऊन आल्या. "तात्या हुते तवर असं कदी झालं न्हाई," असं कुणीतरी म्हणालं की मी फार वाईट वाटल्यासारखी मान हलवायचो. मग घरी येऊन दाराकडे तोंड करून बसायचो. शिपाई काही येत नव्हता. इकबालही त्या दिवसानंतर परत फिरकला नव्हता, आणि त्याचा मला राग आला होता. एकदाच विचारायला येतो म्हणजे काय?

सातव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी पारावरून घरी आलो तर दाराला कडी. हौसा कुठे गेली म्हणून गल्लीच्या तोंडाशी येऊन बघत होतो. तिथून टेकाचा चढ सरळ दिसतो. चढावर एक बाई चालली होती, डोक्यावर एक कळशी, कमरेवर एक. दहा पावलं चालायची आणि थांबायची. मी आधी चालण्यावरून ओळखलं, मग लुगड्यावरून. हौसाचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता. जिना चढतानाही ती कठड्याला धरायची.

मी पळतच गेलो. गाठली तेव्हा माझाही दम निघाला होता.

"काय गं ही भानगड?"

"गुर्जींना पानी," ती म्हणाली. घामाने तिचं कुंकू ओघळलं होतं. "आज तिसरा दीस हाय माजा. त्यांचं कोन हाय हितं? पोरगा पुन्याला. ब्याऐंशीचा मानूस कळशी वडत चढ चडतूया, ते बगवंना मला."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला सांगून काय करू? तुमी आता रिटायर. तुमच्या हातात काय हाय?"

ती सहज म्हणाली. टोमणा नव्हता तो. मी तिच्या डोक्यावरची कळशी उतरवून खांद्यावर घेतली, कमरेवरची हातात घेतली आणि तिला घरी जायला सांगितलं. उरलेला चढ मी चढलो तो मान वर न करता. दोन्ही बाजूंना नळांखाली रिकाम्या घागरी ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघायचं माझं धाडस होत नव्हतं.

गुरुजी ओट्यावर खाटेवर बसले होते. ज्यांनी मला बाराखडी शिकवली आणि माझी तारीख लावली, तेच सुतार गुरुजी. नजर कमी झाली होती, पण पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"सोपान? तू कसा रे पाणी घेऊन?"

मी दोन्ही कळशा ओट्यावर टेकवून बसलो. मग मनातली जुनी तक्रारच बाहेर आली. म्हटलं, "काय करणार, गुरुजी? तुम्ही तारीख लावली आणि मला दीड वर्ष आधी घरी बसवलंत. आता पाणी वाहतोय."

गुरुजी बोळकं उघडून हसले. "अरे, सहा पूर्ण असल्याशिवाय पटावर घेता येत नव्हतं. तुझी आई म्हणाली, आत्ताच घ्या, नाहीतर दिवाळीनंतर हा म्हशींमागे जाणार. मग केला तुला दीड वर्ष मोठा. शाळेत लवकर आलास, म्हणून घरी लवकर आलास. ह्यात माझी काय चूक?"

 सातवी पास होतो म्हणून तर मला नोकरी लागली होती. म्हशींमागे गेलो असतो तर आज मी रिटायर व्हायचा प्रश्नच नव्हता.

"तो इकबाल मात्र गुणी माणूस आहे रे," गुरुजी म्हणाले. "रोज येतो. पाळी नसली तरी येतो. सायकलला दोन कॅन बांधून पाणी आणतो, घरोघर थोडं थोडं देतो. त्यानं काय भागतंय अकरा घरांचं? पण आणतो. हात जोडून म्हणतो, गुरुजी, माझंच काहीतरी चुकतंय. मी त्याला म्हटलं, अरे, मग सोपानला विचार की. तर काय म्हणाला, ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणाला, गेलो होतो, तात्या झोपले होते. बत्तीस वर्षं तो माणूस पहाटे चारला उठलाय. आत्ता कुठे त्यांना साडेदहापर्यंत झोप लागायला लागलीय. ती मी मोडणार नाही. माझं मी शोधीन."

 त्या ओट्यावर मला बसवेना. कळशा आत ठेवतो म्हणून उठलो आणि गुरुजींच्या स्वयंपाकघरात अंधारात उगीच उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शिव्या खाल्ल्या असत्या तर चाललं असतं. पण तो माणूस माझी झोप जपत होता, आणि मी त्याच वेळी दाराआड उभा राहून त्याची फजिती ऐकत होतो.

उतरताना ठरवलं, संध्याकाळी इकबालच्या घरी जायचं आणि सगळं सांगून टाकायचं.

ठरवलं खरं. पण संध्याकाळी साडेपाचला नगरपालिकेचा शिपाई दारात आला.

"तात्या, सायबांनी बोलिवलंय. उद्या सकाळी सातला ते टेकआळीत येनार हायत, तुमी तितंच या. सा म्हयनं कंत्राटावर घेत्यात तुमाला. आर्डर टायप झालीया."

"आन इकबाल?"

"त्याला न्हाई जमत म्हनून सायेब वैतागल्यात. पंपावर त्याच्या जागी दुसरा घेतलाय. म्हंजी घरीच बसंल आता."

शिपाई गेला. आता मी काय केलं असेल? इकबालकडे गेलो? नाही. मी ट्रंकेतला खाकी शर्ट काढला आणि हौसाला म्हणालो, "जरा इस्त्री मार ह्याला." एवढंच केलं. सकाळी गुरुजींच्या घरात वाटलेली सगळी लाज त्या एका निरोपाने धुऊन निघाली. इकबालच्या दोन मुलींचा विचार आला होता मनात, खोटं कशाला बोलू, पण तो मी बाजूला सारला. साहेब काहीतरी बघतील त्याचं, असं स्वतःला सांगितलं.

हौसा खूश झाली. सतरंजीवर शर्ट पसरून इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "बरं झालं बाई. घरात नुसतं येरझाऱ्या घालत हुता. आन माजी कळशी बी सुटली. उद्या चडंल न्हवं पानी?"

"चडंल की. धा मिन्टांत चडंल."

इस्त्री थांबली.

"धा मिन्टांत?"

"व्हय."

"म्हंजी काय बिगडलंय ते ठावं हाय तुमास्नी."

मी शर्टाकडे बघत राहिलो.

"कवापासनं ठावं हाय?" तिने विचारलं.

 तिने बराच वेळ वाट बघितली. मग इस्त्रीचा खटका बंद केला, एकच बाही झालेला शर्ट उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हायल्याली तुमची तुमी करा." आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आली, उंबऱ्यावर बसली आणि गुडघ्याला तेल चोळायला लागली. माझ्याकडे पाठ होती. रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो.  जेवायला वाढलं, तेही न बोलता.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला मी इकबालच्या घरासमोर उभा होतो. अंगात साधा सदरा होता. फजरची नमाज आटोपून तो बाहेर पडतच होता. खांद्यावर चावी. बत्तीस वर्षं जी माझ्या खांद्यावर होती ती चावी त्याच्या खांद्यावर बघून माझा हात आपोआप माझ्या रिकाम्या खांद्याकडे गेला.

"तात्या? तुमी? एवढ्या लौकर कशाला उटला?"

"चल माज्यासंगं," मी म्हणालो.

गिरणीपाशी गेलो. मी वाकून फरशी उचलली आणि बाजूला सरकवली. इकबालने बॅटरी मारली. खड्ड्यात व्हॉल्व्ह होता, तेल घातलेला, स्वच्छ. तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो वहीत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई. म्या दावलाच न्हाई."

"इसरला आसशिला."

त्याने मला ते आयतं दिलं होतं. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं, आणि त्याने आयुष्यभर तेच खरं मानलं असतं.

"इसरलो न्हाई, इकबाल. मुद्दाम न्हाई दावला. ते आट दीस तुज्या आदी येऊन म्या ह्यो आवळून जात हुतो. माज्याबिगर तुमचं अडावं असं वाटत हुतं मला. आन त्या दिशी तू आलास तवा मी जागा हुतो. दाराआड हुबा हुतो."

इकबाल खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. बॅटरी त्याच्या हातात तशीच चालू होती. गिरणीच्या पत्र्यावर चिमण्या ओरडायला लागल्या होत्या.

"माजी नोकरी गेली आसती, तात्या," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "आट दीस मी पोरींसंगं धड बोललो न्हाई. वाटायचं, माजंच डोस्कं कमी पडतंय."

"मला शिव्या घाल."

त्याने शिव्या घातल्या नाहीत. काही हरकत नाही, असंही म्हणाला नाही. थोड्या वेळाने खिशातून वही काढली, पान उघडलं आणि विचारलं, "किती फेरं?"

मला सांगता येईना. बाकीच्या एक्केचाळिसांचे आकडे पाठ होते, पण हा मी कधी मोजलाच नव्हता. हाताला कळायचं, बस. "आन हिकडं," म्हणून चावी घेतली, खड्ड्यात उतरवली आणि फिरवायला लागलो. एक फेरा, दोन फेरे. हात आपोआप चालत होते. तिसऱ्या फेऱ्याला मी थांबलो. मी पुरा केला असता तर तो परत माझ्याच हातात राहिला असता. फिरवलेलं सगळं उलटं फिरवलं आणि चावी त्याच्याकडे दिली.

"तू फिरव. दुसरा हात पायपावर ठेव. पानी थरथरतंय ते कळंल. थरथर बारीक झाली की थांबायचं."

तो फिरवायला लागला. मीही वाकून पाइपावर तळवा ठेवला.  थरथर बारीक होत आली, आणि मी "थांब" म्हणणार तेवढ्यात तोच म्हणाला, "आता." बरोबर होतं. माझ्यापेक्षा क्षणभर आधी त्याला कळलं होतं. त्याने वहीत लिहिलं, 'गिरणीपाशी, साडेसहा.'

मग टेकाच्या पायथ्याला गेलो. इकबालने टेकआळीचा व्हॉल्व्ह उघडला, बारा फेरे.

टेकआळीची एक रीत होती. वरचे नळ खालून दिसत नाहीत, म्हणून पाणी सोडणाऱ्याने खालून ओरडून विचारायचं, "आलं का?" आणि वरून पहिल्या नळावरच्या बाईने सांगायचं. उजाडताना ती हाक सगळ्या गावाला ऐकू जायची. मी सवयीने छाती भरून घेतली, तोंडही उघडलं. शेजारी इकबाल चावीला धरून, खाली मान घालून उभा होता. तीन पाळ्या त्याने इथून विचारलं असेल, आणि तिन्ही वेळा वरून कुणी काही बोललं नसेल.

मी तोंड मिटलं.

"इचार की," मी म्हणालो.

"तुमी इचारा, तात्या. तुमचा आवाज वळकत्यात समदी."

"म्हनूनच म्हनतो. तू इचार."

त्याने घसा साफ केला. "आलं का?" आवाज मध्येच फाटला.

वरून उत्तर नाही. फक्त नळांतून हवा फुसफुसत होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मी चढाकडे बघत होतो.  तो पुन्हा ओरडला, ह्या वेळी मोठ्याने, "आलं का वो?"

आधी भांडं आपटल्याचा आवाज आला. मग एका बाईचा. "आलं! आलं, इकबालभाऊ! लई जोरात आलं!" आणि मग एकेक दार उघडत गेलं, घागरी, बादल्या, पिंपं, सगळ्यांचा एकच कालवा झाला. कुणीतरी वरून पुन्हा ओरडलं, "इकबालभाऊ, आलं!" माझं नाव कुणी घेतलं नाही. मी खाली आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. इकबालने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि व्हॉल्व्हकडे बघत राहिला.

सातला साहेब मोटारसायकलवरून आले. चढावरून ओघळ वाहत होते, बायका दारातच कपडे धूत होत्या. साहेब बघतच राहिले.

"अरे, आलं पाणी? कसं काय?"

"सायेब, तात्यांनी—" इकबाल बोलायला लागला.

"गिरणीपाशी एक जुना व्हॉल्व्ह आहे, साहेब," मी मध्येच म्हणालो. "इकबालने तो आवळला. नकाशात नाही तो. घालून घ्या आता, बेचाळिसावा म्हणून."

साहेबांनी इकबालकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. खिशातून कागद काढून म्हणाले, "चला, बरं झालं. पण तात्या, तुम्ही आलाच आहात तर ही ऑर्डर घ्या. सहा महिने. पाऊस लागेपर्यंत तरी तुम्ही असलेले बरे."

कागद हातात घेतला. 'श्री. सोपान रामा अडसूळ' असं व्यवस्थित टाइप केलेलं होतं. आठ दिवस मी ज्याच्यासाठी दाराकडे डोळे लावून बसलो होतो तो हाच कागद. इकबालने तो बघितला.  मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणाला, "सायेब, मारुती चौकाची येळ झाली. जातो." चावी खांद्यावर टाकली आणि निघालाही. माझं काय ठरतंय ते ऐकायलाही तो थांबला नाही, कारण मारुती चौकात बायका नळाला घागरी लावून उभ्या असणार होत्या.

तो वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो. मग कागदाची घडी घातली आणि साहेबांना परत दिली.

"नको, साहेब."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे. पण आता माझं इथे काही काम नाही."

हे कुणीतरी मला म्हणेल ह्या धास्तीनेच मी तो सगळा उपद्व्याप केला होता. आणि आता ते मीच म्हणालो, भर रस्त्यात, मोठ्याने.

घरी आलो तर हौसा चुलीपाशी होती. अजून बोलत नव्हती. मी भिंतीला टेकून बसलो. शेवटी तिनेच विचारलं, पाठमोरीच.

"सांगितलंसा त्याला?"

"समदं सांगितलं."

"काय म्हनला?"

"किती फेरं, म्हनला."

तिचा हात थांबला. ती वळली आणि माझ्या अंगावरच्या साध्या सदऱ्याकडे बघायला लागली. "मग तुमी न्हाई गेला कामाला? आर्डर हुती न्हवं?"

"न्हाई. रिटायर झालो."

 हौसाने फडताळातून दोन कप काढले, पदराने पुसले आणि म्हणाली, "बसा जरा. च्या टाकते."